एक वेढा कापणे

कुरुळी, ९ मार्च २०२५

चि. सौ. कुसुम हिस आशीर्वाद.

तुझा फोन माझ्या नंबरवरून लागत नाही. शेजारच्या बाळूच्या फोनवरून लावला तेव्हा लगेच लागला. तू "कोण?" म्हणालीस आणि मी ठेवून दिला. तपासायचं होतं ते तपासून झालं. म्हणून आता पत्र. तू ते न उघडता फाडू शकतेस, पण अकलूजचा पोस्टमन तुझ्या हातात दिल्याशिवाय राहणार नाही.

मी गाडी शिकले. सदुसष्टाव्या वर्षी, मोशीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, विशीतल्या मुलींच्या बॅचमध्ये. शिकवणारा मला "आजी, घाबरू नका" म्हणायचा. तिसऱ्या दिवसापासून तोच घाबरायला लागला, कारण त्याच्या गाडीचा डावा ब्रेकलाइट लागत नाही हे मी त्याला लेखी दिलं होतं. लायसन्स पहिल्या फेरीत मिळालं.

शिकायचं कारण आबांची फियाट. दिग्विजयने जर्मनीहून कळवलं, "आई, आजोबांची गाडी शेडमध्ये सडतेय, विकून टाक." एक गिऱ्हाईक आलंही. त्याने आल्या आल्या टायरला लाथ मारून पाहिली. मी त्याला चहा न देता वाटेला लावला आणि ठरवलं, गाडी जिवंत ठेवायची तर चालवणारं माणूस घरात पाहिजे. घरात मी एकटीच आहे.

गेल्या गुरुवारी ती पहिल्यांदा शेडबाहेर काढली. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे खोल्यांमधले सगळे भाडेकरू अंगणात उभे. मी गियर टाकला, क्लच सोडला आणि पाण्याने भरलेल्या निळ्या पिंपावर गाडी घातली. अंगणात पूर आला.

बिरू म्हणून माझा एक भाडेकरू आहे, सोलापूरकडचा. तो म्हणाला, "आक्का, एवढं मोठं पिंप दिसलं न्हाई व्हय?"

मी म्हणाले, "दिसलंच नाही."

बोलले आणि गाडीतच बसून राहिले. हे वाक्य माझं नव्हतं. ते तुझं होतं.

नोंद पुरी असावी म्हणून लिहिते, तुला माहीत असलं तरी. नऊ वर्षांपूर्वी दिग्विजयच्या लग्नात, चाकणच्या मंगल कार्यालयाच्या दारात, हीच गाडी तू चालवत होतीस. मागे नवरा-नवरी बसलेली. गाडीपुढे बँडवाल्याने ढोल जमिनीवर ठेवला होता आणि तो घाम पुसत होता. तू गाडी सुरू केलीस आणि ढोलावर घातलीस. बँडवाला उडी मारून वाचला. तू खाली उतरून मला म्हणालीस, "आक्का, ढोल दिसलाच नाही गं." मी दारात पाहुण्यांचं स्वागत करत उभी होते. माझ्या हातात माइक होता आणि तो चालू होता. मी म्हणाले, "डोळे आहेत का बटणं? हिच्या हातात गाडी दिली कुणी?"

चारशे माणसांनी ऐकलं. त्यात तुझ्या सासरची एकवीस. तू न जेवता गेलीस, ती आजवर आली नाहीस.

हे माफीचं पत्र आहे असं समजू नकोस. छत्तीस वर्षं मी कंपनीच्या तपासणी खात्यात काढली. माप घेतल्याशिवाय मी निष्कर्ष लिहीत नाही. माप घ्यायचं काम हाती घेतलं आहे, एवढंच कळवते.

तब्येतीला जप. उत्तराची घाई नाही.

तुझी आक्का

---

कुरुळी, २३ मार्च २०२५

चि. कुसुम,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. म्हणजे पोचलं.

मापाचा अहवाल देते. आपली गाडी सहासष्टची. अगदी त्याच सालची, हात न लावलेली दुसरी फियाट दिघीला निवृत्त सुभेदार हिंदुराव यांच्याकडे आहे. ते ती पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला बाहेर काढतात, एरवी पुसतात. मी टेप, ओळंबा आणि वही घेऊन गेले. त्यांनी मला आधी चहा पाजला, मग गाडीशेजारी सावधान उभे राहिले.

मी म्हटलं, "मला तुमच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आहे. आणि गाडीपुढे दीड मीटरवर एवढ्या उंचीची काहीतरी वस्तू ठेवायची आहे."

"बाई, माझ्या गाडीत तुम्ही नक्की काय शोधताय?"

"ढोल," मी म्हटलं.

त्यांनी आतून लष्कराची काळी ट्रंक आणली आणि उभी करून ठेवली. मी सीटवर बसले. ट्रंक दिसली. अर्धी, पण दिसली. कडीसुद्धा दिसली.

घरी येऊन आबांच्या गाडीपुढे तेवढ्याच अंतरावर तेवढ्याच उंचीचं खोकं ठेवलं. सीटवर बसले. खोकं नाही. शेड दिसली, शेडच्या पत्र्यावरचा कावळा दिसला, खोकं नाही. उशी घेऊन बसले, तरी नाही. मग पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची मोजली. हिंदुरावांच्या गाडीपेक्षा आपली पुढून आठ सेंटीमीटर वर. मागून सारखी.

बाळूचे वडील नव्वदीचे आहेत, त्यांनी कारण सांगितलं. चौऱ्याहत्तर साली आपल्या ओढ्यावर पूल नव्हता. दगडावर गाडीचं पोट घासायचं, म्हणून आबांनी पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढून टेम्पोच्या उंच, जाड स्प्रिंगा बसवून घेतल्या. "तुजा बा सहा फुटी," म्हातारे म्हणाले, "त्येला काय, समदं दिसायचं." मी त्या वर्षी पुण्याला कॉलेजच्या होस्टेलमध्ये होते. मला ती गाडी कायम नाक वर करून उभी असलेलीच आठवते. मला वाटायचं, तिचा स्वभाव तसा आहे.

तर आबा सहा फूट, तू चार फूट दहा इंच आणि मीही चार फूट दहा इंच. पुलाला चाळीस वर्षं झाली. नाक कुणी खाली घेतलं नाही.

निष्कर्ष: त्या दिवशी ढोल दिसणं शक्य नव्हतं. डोळे तपासायची गरज नव्हती, स्प्रिंग तपासायची होती.

दुरुस्ती ठरवली आहे. हिशोब केला. स्प्रिंगेचा एक वेढा कापला की गाडी साधारण आठ सेंटीमीटर खाली बसते. बी.एस्सी.चं फिजिक्स एवढ्या वर्षांनी उपयोगी पडलं. माणसं घरचीच आहेत. बिरू फर्स्ट शिफ्टला असतो. रविराज नावाचा दुसरा भाडेकरू आहे, कोल्हापूरकडचा, सेकंड शिफ्टला. आणि बाळू नाइटला. तिघेही फिटर, तिघेही चाकणच्या निरनिराळ्या कंपन्यांत, तिघांचेही हात चांगले. तोंडं एकमेकांना गुरुवारीच दिसतात.

मी एक रजिस्टर उघडलं आहे. गाडीवर झालेलं प्रत्येक काम त्यात लिहिलं जाईल. नोंद मीच करणार. या लोकांचं अक्षर मी पाहिलं आहे.

तुझ्या तेजलने दिघीत फ्लॅट घेतला, अकरा मेला वास्तुशांत आहे, हे तिनेच फोन करून सांगितलं. "मावशी, तू येच," म्हणाली. मी विचारलं, "तुझ्या आईला विचारलंस का?" ती म्हणाली, "आई म्हणाली, बोलव, तुझं घर आहे." या वाक्याचे दोन अर्थ मी लावून पाहिले. दोन्ही मला लागू पडतात.

तू एसटीने वल्लभनगरला उतरशील. तिथून दिघीला रिक्षाने जाऊ नकोस. गाडी तोवर तयार असेल.

आक्का

---

कुरुळी, १० एप्रिल २०२५

कुसुम,

गाडी बिघडली आहे. कशी, ते क्रमाने लिहिते.

मागच्या गुरुवारी तिघांनी मिळून गाडी पुढून उचलली, लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, टेम्पोच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि शेडमध्ये वर्तमानपत्रावर ठेवल्या. मी भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत सूचना लिहिली: "स्प्रिंग, दोन्ही. एक वेढा कापणे. टोक घासणे. काळा रंग लावणे." आणि तिघांनाही सांगितलं, ज्याला सवड मिळेल त्याने करून टाकावं, पुढच्या गुरुवारी बसवू.

शनिवार-रविवार मी कामानिमित्त बाहेरगावी होते.

रविवारी संध्याकाळी परत आले. स्प्रिंगा वर्तमानपत्रावर होत्या, काळ्याभोर, टोकं गुळगुळीत. मी पाहिल्या आणि घरात गेले. वेढे मोजले नाहीत. मी, आणि मोजले नाहीत. का, ते विचारू नकोस.

आज गुरुवार. तिघांनी स्प्रिंगा बसवल्या. बसवताना त्या जरा सैल वाटतात असं रविराज म्हणाला. मी म्हटलं, वजन आलं की बसतील. चाकं लावली, ठोकळे काढले, जॅक सोडला. गाडी खाली येऊ लागली, यायची तिथे आली आणि थांबलीच नाही. पुढचं मडगार्ड टायरवर टेकलं. मागचं बूड वर. धडक नाही, आवाज नाही. बैल खाली बसतो तशी बसली.

मग बाळू म्हणाला, "आक्का, गाडी दंडवत घालाया लागली की."

मी विचारलं, "वेढा कुणी कापला?"

"मी," बिरू म्हणाला. "शनवारी, ड्यूटीवरनं आल्यावर."

रविराजने त्याच्याकडे पाहिलं. "तू कापलास? मी कापला की रविवारी सकाळी. सूचना भिंतीवर होती."

बाळूने टोपी काढून हातात घेतली.

"बाळू."

"आमी बी कापला, आक्का. दुपारी उठल्याव. मला वाटलं ह्या दोघांस्नी टाइम न्हाई घावला. आन् रंगाचा डबा उघडा पडलेला, म्हनलं आपन तरी शिस्तीत करावं."

बिरू म्हणाला, "अरे भावा, ताजा रंग दिसला न्हाई का?"

"तुजा वाळलेला. ह्याचा बी वाळलेला. उनाचा तडाखा काय कमी हाय का?"

"वेढे तरी मोजायचे."

"टेम्पोच्या स्प्रिंगला किती वेढं असत्यात? तुला ठाव हाय?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं.

तिघांनीही काम उत्तम केलं होतं. टोक असं घासलं होतं की बोट फिरवून पाहिलं तरी कापल्याचं कळू नये. पहिल्याने जरी घासायचा आळस केला असता तर पुढच्याला कापल्याचं कळलं असतं आणि गाडी वाचली असती. वाईट काम एका नजरेत पकडता येतं. तीन चांगली कामं एकावर एक झाली की पकडायला नोंद लागते. नोंद रजिस्टरमध्ये करायची होती, आणि रजिस्टर माझ्या पिशवीत माझ्याबरोबर बाहेरगावी होतं.

कंपनीत मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगायचे, ज्या सूचनेपुढे "झालं" लिहायला जागा नाही ती सूचना नाही. भिंतीवरच्या माझ्या सूचनेपुढे खुणेपुरतीही जागा नव्हती. रविराज फार सभ्य मुलगा आहे. तो म्हणाला, "आक्का, चूक आमची तिघांची." मी म्हटलं, "चूक एकाच माणसाची आहे आणि ते माणूस आज जेवणार नाही." मग तिघेही जेवले नाहीत, म्हणून मला स्वयंपाक करावा लागला.

कापलेला वेढा जोडता येत नाही. या मापाच्या स्प्रिंगा आता कुणी बनवत नाही. हिंदुरावांना विचारलं, त्यांच्याकडे जादा नाहीत. अकरा मेला एक महिना आहे.

तू रिक्षाने गेलीस तरी चालेल.

आक्का

---

कुरुळी, १२ एप्रिल २०२५

कुसुम,

आज सकाळी माठातून पाणी घेताना भांडं हातातून निसटलं. उचलायला वाकले ती वाकलेलीच राहिले. रविराज धावत आला, त्याला वाटलं कंबर धरली.

आपला माठ कशावर आहे, आठव. हिरवी, गोल, वेटोळ्यांची तिवई. आबांनी खाली फळी ठोकलेली. मी त्या माठातलं पाणी पन्नास वर्षं पिते आहे, आणि त्यातली छत्तीस वर्षं गाड्यांचे भाग तपासण्यात गेली. ती तिवई नाही. ती फियाटची पुढची स्प्रिंग आहे. आबांनी काढलेली, मूळची. आबा काही टाकून देत नसत.

रंग खरवडला. गंज आहे, वरवरचा. वेढे मोजले, दोनदा. हिंदुरावांच्या गाडीखाली झोपून त्यांचेही मोजले. सुभेदार तोंड फिरवून उभे राहिले. तंतोतंत.

पण ही एकच आहे. आणि स्प्रिंग कधी एकटी बदलत नाहीत, दोन्ही बाजूंना जोडीनेच घालावी लागते. नाहीतर गाडी तिरकी चालते.

दुसरी तुझ्याकडे आहे. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तू "मला माहेरची तिवई हवी" म्हणून हट्ट केलास आणि आबांनी दिली. ती आजही तुझ्या ओसरीवर, डाव्या हाताला, माठाखाली आहे. लाल ऑइलपेंट लावलेली. रंग ताजा आहे.

मला कसं माहीत, ते विचारू नकोस.

बरं, विचार. कामानिमित्त बाहेरगावी म्हणून लिहिलं ते अकलूज होतं. शनिवारी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उतरले. रजिस्टर पिशवीत होतं. तुला मापं दाखवायची होती. तोंडाने सांगण्यापेक्षा आकडे बरे, असा विचार होता. तू ओसरीपुढे प्लास्टिकवर कुरडया घालत होतीस. पाठमोरी होतीस. केस पांढरे झालेत, मला कुणी सांगितलं नव्हतं. मी समोरच्या पिठाच्या गिरणीशी उभी राहिले. गिरणीवाल्याने विचारलं, "बाई, दळण कुठंय?" मी म्हटलं, "आणायचं राहिलं." तू वळलीस, माठातलं पाणी प्यालीस आणि आत गेलीस. मी लॉजवर राहिले. रविवारी सकाळी पुन्हा आले. तेव्हा दार बंद होतं. परतीच्या एसटीत बसले. म्हणून वेढे मोजले नाहीत.

आता एक गोष्ट लिहिते, ती रजिस्टरमध्ये बसत नाही. आबांनी मला कॉलेजात घातलं आणि तुला गाडी शिकवली. सगळे म्हणायचे, थोरलीचं नशीब. सुट्टीत घरी यायचे तेव्हा तू आणि आबा पुढच्या सीटवर बसून चाकणच्या कांदा बाजारात जायचात आणि मी मागे पुस्तक घेऊन. मला ते आवडत नसे. लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीला आबांच्या गाडीतून न्यायचं ठरलं आणि सगळे म्हणाले, "कुसुमशिवाय ती गाडी कुणाचं ऐकत नाही." माइक माझ्या हातात नंतर आला. वाक्य आधीपासून तयार होतं.

तर विनंती अशी. स्प्रिंग पाठव. मी छत्तीस वर्षांत कुणाकडे विनंतीअर्ज केलेला नाही, त्यामुळे मजकुरात त्रुटी असतील. न पाठवलीस तर मी समजून घेईन. गाडी तशीच वाकलेली राहील, आणि ते तिला शोभेल.

आक्का

---

कुरुळी, २५ एप्रिल २०२५

कुसुम,

एसटीने आलेलं पार्सल मिळालं. जुन्या इरकल लुगड्यात गुंडाळलेलं होतं. आत पत्र नव्हतं. स्प्रिंगेला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी होती: "नग १. तपासून घेणे." आणि मागच्या बाजूला: "माझा माठ जमिनीवर आहे."

माझ्यावरच माझी भाषा वापरलीस. ठीक आहे. दोन्ही शेरे वाजवी आहेत.

तपासली. माझी गंजलेली, तुझी नव्यासारखी. दर वर्षी रंग देत असशील. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर तुझी दोन मिलिमीटर उंच भरली. बाळू म्हणाला, "धाकली उंच निघाली की, आक्का." मी त्याला दुसरं काम दिलं.

तुझी उजवीकडे बसवली, चालवणाऱ्याच्या बाजूला. तिथे वजन जास्त येतं, उंच तिथेच हवी. लाल रंग तसाच ठेवला आहे. रविराज म्हणाला काळा करू, मी नाही म्हटलं.

या वेळी रजिस्टर शेडमध्ये दोरीने टांगलं होतं, पेनसकट. प्रत्येक कामापुढे "झालं" लिहायला चौकोन. तिघांनी इतक्या वेळा सह्या केल्या की तेल पुसायचं फडकं बदलल्याचीसुद्धा नोंद आहे. बिरूने एका चौकोनात लिहिलंय: "कापलं नाही. कुणीच कापू नये."

जॅक सोडला. गाडी खाली आली आणि जिथे थांबायची तिथे थांबली. कमानीची उंची हिंदुरावांच्या गाडीइतकी, उजवीकडे किंचित जास्त. पुढे खोकं ठेवलं आणि सीटवर बसले. खोकं दिसलं. मी उतरले, दुसऱ्या बाजूने पाहिलं, परत बसले. दिसलं. बाळू म्हणाला, "आक्का, खोकंच हाय, किती बगताय?"

वल्लभनगर, अकरा मे, सकाळी नऊ. मी गाडी घेऊन तिथवर येईन. पुढे चावी तुझी. मी डावीकडे बसेन. बोलणार नाही.

आक्का

---

कुरुळी, १२ मे २०२५

चि. सौ. कुसुम हिस,

तू अजून दिघीत तेजलकडेच आहेस, आणि दिघी इथून रिक्षाच्या अंतरावर आहे. तरी हे पत्र पोस्टानेच पाठवते आहे. कारण शेवटी कळेल.

कालचा वृत्तांत तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने लिहिते. तू एसटीतून उतरलीस. गाडीकडे आधी पाहिलंस, माझ्याकडे नंतर. वाकून उजव्या चाकाच्या आत डोकावलीस आणि लाल रंग पाहिलास. मी चावी पुढे केली. तू म्हणालीस, "तूच आणलीस इथवर?" मी म्हटलं, "हो." तू म्हणालीस, "पुढच्या दिव्याची काच फुटलीय." मी म्हटलं, "नाशिक फाट्याला. खांब दिसला होता, मोजला कमी." तू हसली नाहीस. पण सीट पुढे ओढून बसलीस.

नाशिक फाटा गेला, भोसरी आली. तू काही बोलली नाहीस. मी कबूल केल्याप्रमाणे बोलले नाही. गियर बदलताना तू अजून आबांसारखी खालचा ओठ चावतेस, तेही बोलले नाही.

भोसरीत पुलाखाली वरात आडवी आली. तू गाडी थांबवलीस. ढोलवाल्याने नेमका आपल्या गाडीपुढे ढोल जमिनीवर ठेवला आणि घाम पुसायला लागला. माणसं बदलतात, सवयी बदलत नाहीत. माझा उजवा पाय खाली ब्रेक शोधत होता, तिथे ब्रेक नसतो.

तू स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालीस, "दिसतोय."

ढोलवाल्याने ढोल उचलला आणि वाजवायला सुरुवात केली. मागे ताशे, कर्णे, सगळंच. गाडीच्या काचा थरथरत होत्या. तेव्हा मी तुला एक वाक्य बोलले. तू वळून "काय?" म्हणालीस. मी "काही नाही" म्हटलं. वरात गेली, तू गाडी काढलीस, आणि दिघीला पोचेपर्यंत तेजलच्या पडद्यांवर बोललो.

ते वाक्य मी मुद्दाम त्या आवाजात बोलले. माझी हिंमत तेवढीच होती. पण चूक चारशे लोकांपुढे करायची आणि कबुली ढोलाखाली दडपायची, हे कुठल्याही तपासणीत पास होणार नाही. म्हणून लेखी देते, तारखेसह, सहीसह.

चूक माझी होती. तुझी नव्हती. गाडीचीही नव्हती.

हे पत्र हवं त्याला दाखव. तुझ्या सासरच्या एकवीस जणांना मोठ्याने वाचून दाखव. माइक लागला तर मी पाठवते.

हे पत्र पोचेल त्या सुमारास बिरू लोखंडी तिवई घेऊन येईल, तीन पायांची. रविराजने वेल्डिंग केलं, बाळूने घासली. रंग दिलेला नाही. तो तू दे.

तुझी
आक्का

ता. क. तिवई पोचल्यावर तिला बांधलेल्या चिठ्ठीवर "झालं" असं लिहून सही कर, आणि चिठ्ठी बिरूकडे देऊ नकोस. स्वतः घेऊन ये. गाडी तेजलच्या पार्किंगमध्ये ठेवून मी काल बसने घरी आले, ती विसरले म्हणून नाही.